खरेदीचा मोह आवरून कर्ज लवकर कसं फेडायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये मी हिशेब लिहिते. महिन्याची वीस तारीख उलटली की उचल मागायला माणसं टेबलापुढं येऊन उभी राहतात आणि उचल कशाला हवी ते सांगता सांगता घरचा सगळा जमाखर्च सांगून जातात. माझ्याही डोक्यावर क्रेडिट कार्डाचं आणि वैयक्तिक कर्जाचं ओझं होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामुळं प्रश्न मोकळेपणानं येतात. तेच इथं लिहून ठेवलेत.

हप्ता वेळेवर जातोय. मग अधूनमधून साडी, चप्पल, मोबाइल घेतला तर बिघडलं कुठं?

हप्ता वेळेवर जातोय हे चांगलंच आहे. पण हप्त्याच्या पोटात काय आहे ते एकदा बघा. ३ लाखांचं कर्ज, १५ टक्के व्याज, ५ वर्षांची मुदत धरली तर हप्ता साधारण ७,१३७ रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातले ३,७५० रुपये नुसत्या व्याजाचे असतात. म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे मुद्दलाला शिवतही नाहीत.

याच कर्जात पहिल्यापासून दरमहा २,००० रुपये जादा भरले, तर ६० महिन्यांचं कर्ज ४३ महिन्यांत संपतं आणि व्याजाचे जवळपास ४० हजार वाचतात. दोन हजार म्हणजे महाद्वार रोडच्या बाजारातली एक संध्याकाळ.

गेले दोन महिने काहीच खरेदी केली नाही. तरी कर्ज जिथल्या तिथं. हे कसं?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि माझं स्वतःचं अर्धं वर्ष याच्यातच वाया गेलं.

न घेतलेल्या साडीनं कर्ज फिटत नाही. साडी घेतली नाही म्हणजे १,८०० रुपये खात्यात राहिले, एवढंच झालं. त्या पैशावर 'हे कर्जाचे' असं कुणी लिहिलेलं नसतं. पेट्रोल, रविवारची मिसळ, पोराच्या क्लासची झेरॉक्स, पाहुण्यांसाठी आणलेलं मटण असं करत ते आठवड्याभरात कुठं जातात ते कळतही नाही. वर मन म्हणत राहतं, 'मी एवढी काटकसर करतोय.'

म्हणून मी एकच गोष्ट धरली: मोह टाळला की तेवढी रक्कम त्याच दिवशी हलवायची. क्रेडिट कार्डाचं देणं असेल तर सोपं आहे, कार्डात कोणत्याही दिवशी कितीही रक्कम भरता येते. राजारामपुरीत एका चपलेच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून मी ९५० रुपये कार्डात भरलेत. आत चप्पल, बाहेर मी, हातात फोन. हसू आलं होतं, पण पैसे गेले ते गेले.

कर्ज खात्यात अशी बारीकसारीक रक्कम घेत नसतील, तर पतसंस्थेची पिग्मी, म्हणजे रोजची ठेव, आहेच. संध्याकाळी एजंट दारात येतो, त्याच्या हातात द्यायचे. मुदतीआधी पिग्मी मोडली तर काय कापतात ते मात्र खातं उघडतानाच विचारून घ्या. पिग्मी जमत नसेल तर डेबिट कार्ड नसलेलं, यूपीआयला न जोडलेलं एक बचत खातं ठेवा. पैसे काढायला रांगेत उभं राहावं लागलं की निम्मे मोह तिथंच मरतात.

जादा भरलेले पैसे आपोआप मुद्दलात जातात ना?

जातातच असं धरून चालू नका. मी एका फायनान्स कंपनीत तीन महिने पाच-पाच हजार जादा भरले. चौथ्या महिन्यात उतारा मागवला तर मुद्दल आपलं ठरल्या चालीनंच उतरलेलं आणि माझे १५ हजार 'आगाऊ हप्ता' म्हणून पडून. त्यावर व्याज मला नाही, त्यांचं व्याज मात्र चालू. विचारल्यावर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "मॅडम, तुम्ही लिहून दिलं नव्हतं."

तर लिहून द्या. दोन ओळी पुरतात: 'सोबत भरलेली रक्कम मुद्दलात जमा करावी. हप्ता आहे तेवढाच ठेवून मुदत कमी करावी.' दुसरं वाक्य विसरू नका. काही ठिकाणी मुदत तशीच ठेवून हप्ता कमी करून देतात. हप्ता कमी झाला की हाताला बरं वाटतं, आणि तो फरक परत बाजारात जातो. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या, महिन्याभरानं उतारा काढा आणि मुद्दलाचा रकाना बोट ठेवून वाचा.

लवकर फेडलं तर दंड लागतो म्हणतात. खरं का?

कर्जावर अवलंबून आहे. बदलत्या व्याजदराचं, धंद्यासाठी नसलेलं वैयक्तिक कर्ज असेल (बरीचशी घरकर्जं यात येतात), तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बँकांना आणि फायनान्स कंपन्यांना मुदतपूर्व फेडीचा आकार (शुल्क) लावता येत नाही. ठरावीक दराच्या कर्जाला तो असू शकतो. पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, तिथं मंजुरीपत्रात काय लिहिलंय ते बघा. आकार असला तरी वाचणारं व्याज आणि आकार शेजारी शेजारी मांडून बघा, बहुतेक वेळा फेडणंच परवडतं.

कार्ड, सोनेतारण, पतसंस्था, सोसायटी, सगळीकडं थोडं थोडं आहे. आधी कुठं भरू?

सगळीकडचा ठरलेला हप्ता चालू ठेवायचा आणि जादा पैसा एकाच ठिकाणी ओतायचा. सगळीकडं पाचशे-पाचशे वाटत बसलात तर कुठलंच भोक बुजत नाही.

कार्ड असेल तर पहिला नंबर त्याचा. माझ्या कार्डावर ८० हजार थकले होते. महिना साडेतीन टक्क्यांनी व्याज २,८००, व्याजावर १८ टक्के जीएसटी ५०४. मी मोठ्या तोऱ्यात ४,००० भरायचे, त्यातले देण्यात उतरायचे जेमतेम ७००. शिवाय जुनं देणं थकलेलं असताना त्याच कार्डावर नवीन काही घेतलं, तर त्याला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, खरेदीच्या तारखेपासूनच मीटर सुरू. म्हणून फेडायला लागलात की कार्ड घरी ठेवायचं. मी माझं पासपोर्टच्या पिशवीत ठेवलं होतं, जिथं वर्षात दोनदा हात जातो.

गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज याच्या अगदी उलटं आहे. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्र आणि राज्याच्या सवलती धरून व्याज शून्यावर येतं. ते घाईनं आधी फेडून काही मिळत नाही, पण तारीख चुकली की सवलत गेली. तेवढी तारीख सांभाळा.

पतसंस्थेच्या कर्जात आणखी एक माणूस अडकलेला असतो: जामीनदार. कर्ज थकून सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला निघाला तर तोही त्यात ओढला जातो. शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसानं तुमच्यासाठी सही केली असेल, तर व्याजाचा दर बाजूला ठेवून ते कर्ज वर घ्यायला माझी हरकत नाही. रोज तोंड बघायचं असतं.

बाजारात गेलं की राहवत नाही. त्या क्षणी नेमकं काय करायचं?

साडीच्या दुकानात गादीवर बसल्यावर काय होतं ते आठवा. तुम्ही म्हणता, "नुसतं बघायला आलोय." दुकानदार म्हणतो, "बघा की ताई, बघायला कुठं पैसे पडतात?" एकापाठोपाठ एक घडी उलगडत जाते. पाचव्या साडीचा पदर तो स्वतःच्याच खांद्यावर टाकून दाखवतो. सातवीपर्यंत चहा आलेला असतो. आता पुढ्यातला ढीग बघून आपल्यालाच अवघडायला होतं. माणसानं एवढं दाखवलं, रिकाम्या हातानं उठायचं कसं? साडी आवडली म्हणून घेतो त्यापेक्षा या भिडेपोटी जास्त घेतो. भीड भिकेची बहीण म्हणतात ते गादीवर बसल्यावर पटतं.

तर गादीवर बसायचं नाही. उभ्यानं भाव विचारायचा, मोबाइलमध्ये फोटो काढायचा, निघायचं. दुकानदार "ठेवून देऊ का बाजूला?" म्हणाला तर "नको" म्हणायचं. बाजूला ठेवलेली वस्तू डोक्यातनं जात नाही.

मग पंधरा दिवस थांबायचं. हे काही नवीन नाही. अनंत चतुर्दशी झाली की पितृपक्षात आपण नवीन वस्तू घेत नाही. गुजरीतली, म्हणजे आमच्या सराफ बाजारातली, दुकानं ओस पडतात आणि आपलं काही अडत नाही. ज्याला दरवर्षी पंधरा दिवस जमतं, त्याला फोटोतल्या एकेका वस्तूसाठी आपापला पंधरवडा पाळायला काय झालं? मुदत संपली की फोटो उघडायचा. माझ्या फोनमधल्या दहातल्या सात-आठ फोटोंबद्दल मलाच प्रश्न पडायचा, हे कशाला हवं होतं? एक तर काचेच्या बरण्यांचा संच होता, तसाच घरी माळ्यावर खोक्यात पडलेला.

फाटलेला शाळेचा बूट, बिघडलेला मिक्सर, औषध यांना पंधरवडा नाही. ते त्याच दिवशी आणा.

आणि वाट बदला. अंबाबाईचं दर्शन घेऊन महाद्वारातनं बाहेर पडलात की समोर सगळा बाजारच. देवळाला आणखी दरवाजे आहेत. महिन्याचा किराणा यादी करून लक्ष्मीपुरीतनं एकाच खेपेत आणा, 'जाता जाता' घेतलेल्या पिशव्या निम्म्या होतात.

आणि ऑनलाइन? तिथं तर गादीच नाही.

तिथली गादी म्हणजे जतन केलेलं कार्ड. ते काढून टाका, ॲपच्या सूचना बंद करा, रात्री दहानंतर ॲप उघडू नका. टोपलीत टाकून ठेवलेली वस्तू म्हणजेही फोटोच समजा, तिलाही तोच पंधरवडा. सेल परत येतो. मी हिशेब लिहायला लागल्यापासून 'शेवटचा दिवस' किती वेळा आला ते मोजायचं सोडून दिलंय.

नो कॉस्ट ईएमआयवर घेतलं तर व्याजच नाही, मग काय हरकत आहे?

शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेनं २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं. आता होतं असं की बँक व्याज लावते आणि विक्रेता तेवढीच सूट देतो. २४ हजारांचा फोन सहा महिन्यांच्या हप्त्यांवर घेतला, तर १५ टक्क्यांनी व्याज हजाराच्या आसपास येतं, तेवढी सूट मिळते. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८० रुपये, तुमच्या खिशातनं. बहुतेक वेळा प्रक्रिया शुल्क वेगळं. रोखीनं घेणाऱ्याला दुकानदार जे चार-पाचशे सोडतो तेही गेले.

रक्कम छोटी आहे, मान्य. माझा आक्षेप रकमेवर नाही. तुम्ही एक कर्ज फेडायला निघालाय आणि दुकानाच्या काउंटरवर दुसरं सुरू करताय, त्यावर आहे.

सोनं घेणं म्हणजे खर्च नाही ना? दसऱ्याला एक ग्रॅम तरी घ्यावं लागतं.

गुजरीशी मला वाकडं घ्यायचं नाही. पण दागिना घेताना मजुरी जाते, ३ टक्के जीएसटी जातो, आणि मोडताना दोन्ही परत येत नाहीत. कार्डावर वर्षाला चाळीस टक्क्यांवर व्याज भरणाऱ्या माणसानं 'भाव वाढेल' म्हणून सोनं घेणं हा हिशेब माझ्या वहीत बसत नाही. घरातलं सोनं पतसंस्थेत तारण असेल तर तेच सोडवून आणा, तीच सोनं खरेदी समजा.

मुहूर्ताचं म्हणाल तर दसरा चौकात संध्याकाळी जे सोनं लुटतो ते आपट्याचं. त्याला मजुरी नाही आणि जीएसटीही नाही.

दिवाळीचा बोनस, दूध संघाचा दरफरक, उसाचं बिल असे एकरकमी पैसे आले की काय करावं?

खरा डाव इथंच असतो. महिन्याच्या काटकसरीनं जे वर्षात जमतं ते बोनसच्या एका आठवड्यात उडतं, किंवा त्याच आठवड्यात कर्जाचा मोठा लचका तोडला जातो.

मी वाटणी पैसे यायच्या आधी कागदावर करते. दहा भागांतले सहा कर्जाला, दोन अडीअडचणीच्या पैशाला, दोन सणाला. सणाचे दोन भाग ठेवायचेच. घरात फराळ नाही, पोरांना कपडे नाहीत आणि आपण मुद्दल फेडतोय, असं केलं की पाडव्यापर्यंत सगळ्यांचा धीर सुटतो आणि मग कार्ड बाहेर येतं. आमच्या वर्कशॉपमध्ये बोनस खात्यावर जमा झाला की एक फिटर जेवणाच्या सुट्टीतच सायकल काढून पतसंस्थेत जातो. म्हणतो, "घरी गेलो की पैशाला पाय फुटत्यात."

ऊसवाल्यांचं थोडं वेगळं. गाळपाला ऊस गेल्यावर १४ दिवसांत बिल द्यायचा कायदा आहे, पण बिल हातात यायच्या आधी सोसायटीची कपात होते. हातात उरतं त्याला 'सुटलेला पैसा' समजून गाडीच्या शोरूमकडं वळणारे दरवर्षी दिसतात. पुढच्या लागणीचा, खताचा खर्च आधी बाजूला काढा. दुधाचं बिल दर दहा दिवसाला येतं, त्यातनं कर्जाला थोडं थोडं लावायची सवय जास्त टिकते.

भिशी लागली आहे. त्यातनं कर्ज फेडू का?

फेडा. पण लिलावाची भिशी तोटा सोसून उचलू नका. ५० हजारांची भिशी ४३ हजारांना उचलली तर ते सात हजार म्हणजे व्याजच आहे, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नाही. आणि कर्ज असताना नव्या भिशीत शिरू नका.

मिस्टर ऐकत नाहीत. बुलेट घ्यायचीच म्हणतात.

हौसेला मोल नाही म्हणतात, पण व्याज असतं. हे वाक्य मी घरी ऐकवलं होतं आणि दोन दिवस अबोला झाला. तर असं ऐकवू नका.

त्यापेक्षा कपाटाच्या दाराला आतल्या बाजूनं एक कागद चिकटवा. त्यावर फक्त एक आकडा, शिल्लक मुद्दल. दर महिन्याला जुना खोडून नवा लिहायचा. भाषण नाही. आमच्याकडं तिसऱ्या महिन्यात ह्यांनीच शर्ट काढता काढता विचारलं, "या महिन्यात एवढंच उतरलं व्हय?" त्यानंतर माझं काम हलकं झालं. सासू-सासरे, मोठी पोरं यांनाही आकडा दिसू द्या. कर्ज लपवलं की खरेदीही दिखाव्याची होते.

लग्नाचा आहेर, बारसं, वास्तुशांत, ओवाळणी हे टळत नाही. वर्षाच्या सुरुवातीला भावकीतली कार्यं मोजून त्याचा एक आकडा ठरवा. मानाची साडी प्रत्येकीला हवीच असं काही नाही. ज्या जावेनं पूर्वी दिलेल्या साडीची घडी अजून मोडली नाही, तिला पुढच्या वेळी पाकीट दिलं तर तिलाही बरंच वाटतं.

हातात आलेला जादा पैसा सगळाच्या सगळा कर्जात घालू का?

नाही. निदान महिन्याभराच्या घरखर्चाइतका पैसा हाताशी राहू द्या. २०१९ आणि २०२१ ला ज्यांच्या दारात पंचगंगेचं पाणी आलं त्यांना हे सांगावं लागत नाही. पाणी ओसरल्यावर गॅसची शेगडी, गाद्या, पोरांची पुस्तकं सगळं एकदम घ्यावं लागतं. तेव्हा हातात रोख नसेल तर कार्ड किंवा सावकार, आणि केलेली सगळी मेहनत परत शून्यावर.

खासगी सावकाराचे पैसे घेतलेले आहेत. दर महिन्याला व्याजच जातंय.

मग बाकीकडचा जादा भरणा थांबवून आधी यातनं बाहेर पडा. त्यासाठी घरातला एखादा दागिना बँकेत ठेवावा लागला तरी चालेल. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमानुसार परवान्याशिवाय सावकारी करणं गुन्हा आहे. तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं करता येते. दिलेल्या प्रत्येक रकमेची नोंद ठेवा, शक्यतो खात्यावरूनच द्या. कोरा धनादेश, कोरा स्टॅम्प पेपर देऊ नका.

बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे वसुलीवाले असतील तर त्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. तसं सांगा आणि फोन आल्याची वेळ लिहून ठेवा.

हौसच करायची नाही का मग?

करा की. रंकाळ्यावर भेळ खाऊन कुणाचं कर्ज वाढलेलं मी बघितलं नाही.

शेवटचा हप्ता भरला. आता काय?

घरी पेढे न्यायच्या आधी बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असा कागद, मागा. तारणाची कागदपत्रं, कोरे धनादेश दिले असतील तर तेही परत घ्या. गाडीच्या आरसीवरचा बोजा, सातबाऱ्यावरचा बोजा आपोआप उतरत नाही, त्यासाठी अर्ज करावा लागतो. दोन महिन्यांनी सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदींचा, अहवाल काढा (वर्षातनं एकदा तो फुकट मिळतो) आणि खातं बंद दाखवतंय का ते बघा. माझं एक खातं पाच महिने 'चालू' दाखवत होतं, दाखला जवळ होता म्हणून दोन पत्रांत मिटलं.

आता तरी साडी घेऊ?

घ्या. मी घेतली, इरकली, रोखीनं. या वेळी गादीवर बसले, चहाही प्याले. पंधरा दिवसांपूर्वीचा फोटो दाखवून म्हटलं, हीच द्या, बाकीच्या उलगडू नका.